अंगणातलं डबकं

"हे खरंच ओलं आहे?" असं विचारल्यावर माणसाने उत्तराची वाट बघायची असते. त्याने नाही बघितली. सरळ अंगठा टेकवला... माझ्या चिखलात!

छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांच्या प्रदर्शनात मला टेबल मिळालं होतं संडासाच्या दाराशेजारी. सकाळपासून तिघांनी विचारलं होतं, "मिस्टर कुठेयत? हे त्यांनी केलंय ना?" डोकं आधीच तापलेलं. त्यात हा.

"अंगठाच उठवायचाय तर कागदावर उठवा की!"

"सॉरी... सुकलेला वाटला."

"वरूनच सुकतो तो. टेक्स्चर पेंट आहे, वाळू घातलेला. चाकांचे माग खोल उठावेत म्हणून जाड थापलाय. आतून कच्चा आहे अजून."

"जमिनीतलं मला काही कळत नाही हो. मी जहाजं करतो. नुसतं पाणी."

"मग पाण्यात बुडा."

तो हसला. छान हसला, याचा जास्त राग आला.

कारण पाच वाजता बाबा येणार होते. टेबलावर होतं ते त्यांचं गॅरेज – पत्र्याची शेड, जॅकवर चढवलेली गाडी, पुढे चिखलाचं अंगण. सगळं मिळून एका पाटावर मावेल एवढं. गॅरेज विकल्यापासून बाबांनी त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं. घरात विषय निघाला की ताटावरून उठायचे. हे बघूनही पाठ फिरवली तर? आणि आता अंगणाच्या मधोमध ह्या शहाण्याचा खड्डा.

"पेंट भरू का त्यात?" त्याने विचारलं.

"ओल्यावर ओलं थापलं की सुकताना तडे जातात. ऐन पावसातलं अंगण आहे हे. तडे कुठून येतील?"

तो हळूच म्हणाला, "पाणी... भरू? डबकं? तेवढं मला येतं."

आधी खड्डा वरून तरी सुकायला हवा होता. तो प्रदर्शनाच्या पत्रकाने वारा घालत बसला – कुणी तापाने फणफणलं असावं तसा. मग चकचकीत व्हार्निशचे पातळ हात, एकावर एक. आमची डोकी जवळ आली. दोघांनीही श्वास रोखलेला.

"तवंग टाका," मी म्हणाले. "गॅरेज आहे. ऑइल सांडतंच."

त्याने सुईच्या टोकाने निळी-जांभळी शाई टेकवली. डबक्यात रंग फिरले.

"आता तरी माफ?"

"बघू. बोटं लांब ठेवा."

"तुमच्यापासून की चिखलापासून?"

उत्तर देणार तोच बाबा आले. वाकले. डोळे बारीक करून गाडीखाली बघितलं.

"जॅक उलटा लावलायस," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि हसूही. बाबा कुरकुरत होते! म्हणजे थांबले होते.

मग त्यांचं बोट डबक्यावर गेलं. "हे लक्षात होतं तुझ्या? कितीदा मुरूम टाकला... दर पावसात मेलं इथंच साचायचं. असेच रंग दिसायचे."

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण खोटं मला पचत नाही.

"नाही बाबा. हे ह्यांच्या अंगठ्याने झालंय."

बाबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बरोबर जागी टेकवलात," म्हणाले, आणि जवळची खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

"काका, थर जाड आहे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "आतून सुकायला वेळ लागेल... मी थांबलो तर चालेल?"

"थांबा," मी म्हणाले. "पण हात खिशात."

त्याने एकच घातला. दुसरा मी धरला होता.