अर्धं मेज

मेजाचा पाय डुगडुगतोय म्हणून गढीवरून बोलावणं आलं. काम किरकोळ होतं. हातोडी आणि दोन पाचरी घेऊन मी निघालो.

ते मेज मीच कापलेलं. आमच्या पोलंडात तेव्हा बाप गेला की राज्याची वाटणी ठरलेलीच. म्हातारे ड्यूक गेले आणि वार्टा नदीच्या अलीकडचा मुलूख थोरल्या सुलिमिरला, पलीकडचा धाकट्या दोब्येशला मिळाला. घोडे वाटले, भांडी वाटली. शेवटी बापाच्या ओकाच्या लांबलचक मेजावरून दोघेही हटून बसले, तेव्हा करवत घेऊन मला बोलावलं. मधोमध त्यांच्या आईची जागा होती, दोन मुलांच्या मध्ये. मी कापत असताना त्या, आमच्या बाईसाहेब, शेजारीच उभ्या होत्या. त्या दिवशी माझे हात मोडले असते तर बरं झालं असतं.

बाईसाहेब अलीकडे थोरल्याच्या गढीत राहिल्या. पुढे भावांचं बिनसलं आणि नदीवरची नाव बंद झाली. चार वर्षं बाईसाहेबांना धाकट्याचं तोंड दिसलं नव्हतं. त्या रोज कापलेल्या कडेशीच जेवायला बसत.

मी वाकून पाहिलं. कापल्यावर नवे पाय मी अगदी कडेला लावले होते. आता कड त्यांच्याही पुढे वीतभर आली होती. त्या वीतभर लाकडावर एक वेडावाकडा घोडा कोरलेला होता. दोब्येशने लहानपणी चाकूने कोरला होता, आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. तो घोडा धाकट्याच्या अर्ध्या मेजाबरोबर माझ्या डोळ्यांदेखत नदीपलीकडे गेला होता.

"बाईसाहेब... हे..."

"तुलाही दिसलं?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच भास होतोय. हात लावून बघ, पाकोश."

लाकूड कोमट होतं. कुणीतरी नुकतंच कोपर उचलल्यासारखं.

"अजून एक वीत आलं की त्याची पूर्ण जागा येईल. मी त्याचा वाडगा घासून ठेवलाय."

मी कुणाला बोललो नाही. आईचा जीव तो, कोण मध्ये पडणार?

हिवाळ्याच्या तोंडावर यारोश मीठवाला आडवाटेने नदी ओलांडून आला. गढीच्या स्वयंपाकघरात लापशी ओरपत तो सांगत होता, "तिकडचा धाकटा ड्यूक अंथरुणाला खिळलाय. अन्न म्हणून जात नाही. आणि म्हणतो काय, तर आमचं मेज आखूड होतंय. आता मेज काय धुतल्यावर आटतं?"

सगळे हसले. मी दाराकडे पाहिलं. तिथे बाईसाहेब उभ्या होत्या.

"पाकोश," त्या म्हणाल्या, "करवत आण."

करवत घेऊन मी मेजापाशी गेलो. "बाईसाहेब, थोडं थांबून..."

"त्याला तिकडे जेवू दे." त्यांनी घोड्यावर तळवा ठेवला होता. "माझंच मन आवरत नाही रे. तू काप."

मी पायांपाशी कापलं. इतक्या जुन्या ओकाचा भुसा कोरडा असायला हवा. तो ओला निघाला, आणि त्याला ताज्या पावाचा वास होता. तुकडा शालीखाली घेऊन बाईसाहेब नदीवर गेल्या, मी मागून. पाण्यात सोडल्यावर तो प्रवाहाबरोबर गेला नाही. सरळ आडवा पलीकडच्या काठाला जाऊन लागला. आम्ही दोघं बघत राहिलो... त्या रडत होत्या.

नाताळात यारोशने निरोप आणला. दोब्येश उठून बसला होता, दोन दोन वाडगे जेवत होता. बाईसाहेबांनी यारोशच्या हातावर अंगठी काढून ठेवली.

ईस्टरला मला पुन्हा बोलावणं आलं, तोच पाय डुगडुगत होता. मी वाकलो. आता कड मागे सरली होती आणि पाय चार बोटं उघडे पडले होते. करवत कुणीच लावली नव्हती. मी मान वर केली. बाईसाहेबांची मनगटं काटकीसारखी झाली होती, वाडग्यातली लापशी तशीच होती.

"थोरल्या ड्यूकना सांगतो, बाईसाहेब. असंच चाललं तर तुमची जागा..."

"खबरदार." मग त्या हसल्या. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "त्याला माझी आठवण येतेय, पाकोश."

आणि त्यांनी खुर्ची कडेच्या आणखी जवळ ओढून घेतली.