रेडिएटरचं पाणी

आक्काच्या धाकट्या भावाला एक वाईट खोड होती. दुसऱ्याच्या घरात शिरला की विचारायचं नाही, पुसायचं नाही, थेट वस्तूला हात. डबा दिसला की उघड, कपाट दिसलं की उघड, कुणाच्या नावाचं पाकीट आलेलं असेल तर तेही उघड. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं आक्कानेच केलं, पण ही खोड काही तिला मोडता आली नाही.

गाडी दारात आली त्या दिवशीही तेच. घरचे सगळे लांबून कौतुकाने बघत उभे, आणि हा पुढे. आतली कळ ओढली, पुढे आला, बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यावर तळहाताने एक थाप मारली आणि झाकण वर. म्हणाला, इंजिन बघ आक्का, आरसा आहे आरसा. आक्का म्हणाली, गाडी माझी, आरसा मला बघू दे.

गाडी जुनी होती. आक्काच्या शिवणघरात आठ मशिनं चालायची, दवाखान्यांचे कोट आणि अ‍ॅप्रन शिवले जायचे. ते गठ्ठे पोचवायला सून गाडी शिकली होती, आक्कानेच तिला हट्टाने शिकायला लावलं होतं. गाडी शोधून आणली धाकट्याने. दोन वर्षं परगावी नोकरी करून तो नुकताच परतला होता. एका म्हाताऱ्या डॉक्टरची गाडी, दोन वर्षं नुसती झाकून ठेवलेली, असं त्याने सांगितलं. कागदांवर कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. ती डॉक्टरचीच, म्हणाला. सर्व्हिसिंगचं पुस्तक मात्र हरवलेलं, म्हणून आक्काने ती लगेच ऑइल-पाणी बदलायला गॅरेजच्या मिस्त्रीकडे धाडली.

बाराव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला.

गाडी भर चौकात बंद पडली होती. पुढून पांढऱ्या वाफेचे लोट निघत होते. मागच्या सीटवर चार वर्षांची नात होती. तिला बाहेर ओढून काढताना सुनेच्या मनगटाला वाफेचा चटका बसला. पोरगी वाचली, गाडी मेली.

मिस्त्रीने इंजिन बघून मान हलवली. पाणी संपलं, हेड गास्केट म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी गेली, ऑइलमध्ये पाणी शिरून त्याची दुधाळ लापशी झाली. धाकट्याने लगेच निकाल दिला, गरमीचा काटा लालवर गेला तरी हिने दामटली असणार.

सून म्हणाली, मी रोज सकाळी पाणी बघत होते. चौथ्या दिवसापासून रोज बोटभर कमी व्हायचं. मिस्त्री लेकीकडे गेलेले, म्हणून मामांना विचारलं. ते म्हणाले, नवं पाणी भरलं की हवा निघते, खाली बसतंच, चालव बिनधास्त.

"मला विचारलं?" धाकटा म्हणाला. "कधी? सूनबाई, स्वतःची चूक झाकायला माझं नाव कशाला?"

आक्काच्या मुलाने खिळ्यावरची चावी काढून खिशात घातली. पोटची पोर गाडीत होती, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मामा कशाला खोटं बोलेल, एवढंच तो म्हणाला. उद्यापासून गठ्ठे भाड्याच्या टेम्पोने जातील आणि ही घरात बसेल, हेही त्यानेच ठरवलं. सून आत गेली. पाठोपाठ आक्का गेली, तेव्हा ती कपाटातून आपल्या साड्या काढत होती.

"आई, तुम्ही तरी मला विचारू नका," ती म्हणाली.

आक्काने विचारलं नाही. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. एकाला तिने हाताने वाढवलेलं, दुसरीला तिने स्वतः पारखून घरात आणलेलं. तिने सुनेला एवढंच सांगितलं, परवापर्यंत थांब. त्यानंतर जायचं झालं तर मीच तुला पोचवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रीपुढे स्टुलावर बसली.

"सर्व्हिसिंगचं पुस्तक नसलेली गाडी आली की तू काय करतोस?"

"तिचं काहीच झालेलं नाही असं धरून चालतो. ऑइल, फिल्टर, पट्टा, ब्रेकचं ऑइल, रेडिएटरचं पाणी, सगळं नवं. तुमचाही तोच हुकूम होता."

"जुनं काय निघालं?"

मिस्त्रीचा एक नेम होता. गाडीतून काढलेलं काहीही गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय टाकायचं नाही. त्याने फळीवरून दोन बरण्या काढल्या. एकीत ऑइल होतं, मधासारखं स्वच्छ. दुसरीत रेडिएटरचं पाणी, वर हिरवंगार, तळाशी तपकिरी गाळ.

"गाडी दोन वर्षं उभी होती ना?" आक्का म्हणाली. "मग हे ऑइल इतकं ताजं कसं?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. त्यालाही नवल वाटलं होतं. गाळ मात्र गंजाचा असेल म्हणून त्याने सोडून दिला होता. आक्काने चिमूट काढून बोटांवर चोळली. तिला अक्षरं लावून लावून वाचावी लागत, पण बोटांनी ती सुती कापडातलं मिश्रण ओळखायची. गंज खरखरतो, बोट लाल करतो. हे मऊ होतं, भुशासारखं, मध्ये तांब्याचे कण चमकत होते.

मिस्त्रीने बरणी उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उतरला. ही गळती बुजवायची पूड, तो म्हणाला. फुटकं गास्केट हिच्यावर थोडे दिवस तग धरतं. आणि मी रेडिएटर धुऊन ती सगळी काढून टाकली.

म्हणजे मिस्त्रीने काम चोख केलं म्हणूनच गाडी उघडी पडली होती.

"हे धुवायला तुला कोणी नको म्हटलं होतं?"

मिस्त्री जरा घुटमळला. "तुमचे भाऊ आले होते. पाणी नुकतंच बदललंय, त्याला हात लावू नका म्हणाले. मी म्हटलं, आक्कांनी सगळं बदलायला सांगितलंय."

"तो इथे असताना बॉनेट उघडलं होतंस?"

"नाही हो. ते गेल्यावर पाव तास स्क्रूड्रायव्हर घेऊन झटत होतो, उघडेचना. मग लॉक सरळ करून दिलं. आता नुसती कळ ओढली की वर येतं."

आक्का तिथून गाडी विकणाऱ्या दलालाकडे गेली. दलाल खुर्ची पुसून तिच्यापुढे ठेवायला लागला. तिने बसायचं नाकारलं. डॉक्टर कोण, विचारलं. कसला डॉक्टर, तो म्हणाला. गाडी एका बंद पडलेल्या कंपनीची, परगावची. तिचा शिपाई चावी देऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी तुमचे भाऊ घ्यायला आले. इंजिन पाहिलंस का, आक्काने विचारलं. बॉनेट उघडलंच नाही, ताई, अडकलं होतं. तुमचे भाऊ म्हणाले, राहू दे.

घरी येईपर्यंत आक्काला सगळं कळलं होतं. तरी एक गोष्ट तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. कदाचित आपलं चुकत असेल, अशी आशा होती तिला. अशी आशा तिने आयुष्यात फार थोड्यांसाठी धरली होती.

दुपारी तिने सगळ्यांना गॅरेजच्या अंगणात बोलावलं. मुलगा आला, सून आली, धाकटा पान चघळत आला.

"धाकट्या, बॉनेट उघड बरं. मिस्त्रीला काही दाखवायचंय."

धाकट्याने आत वाकून कळ ओढली. खट्ट आवाज होऊन झाकण दोन बोटं वर आलं. तो पुढे आला आणि बोलता बोलता बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यावर त्याने तळहाताने एक थाप मारली.

झाकण खाली बसलं. पुन्हा बंद झालं.

 धाकटा आपल्या हाताकडे बघत राहिला.

"उघडलेलं झाकण बंद केलंस," आक्का म्हणाली. "गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशीही हीच थाप मारली होतीस. मिस्त्रीला पाव तासात जमलं नाही, दलालाला जमलंच नाही, तुला पहिल्याच फटक्यात जमलं. ही सवय एका दिवसाची नाही, दोन वर्षांची आहे."

धाकटा म्हणाला, योगायोग आहे.

"डॉक्टर नव्हताच. तुझ्या कंपनीची गाडी, तूच फिरवत होतास. कंपनी बुडाली, थकलेल्या पगारापोटी गाडी तुझ्या गळ्यात पडली. गास्केट फुटलेलं तुला माहीत होतं. ताजं ऑइल घातलंस, रेडिएटरमध्ये पूड टाकलीस आणि सर्व्हिसिंगचं पुस्तक लपवलंस, कारण त्यात सगळं लिहिलेलं असणार. बाहेरचा माणूस दहादा तपासून घेतो. बहिणीने मुकाट्याने घेतली."

"महिनाभर तर चालली असती," धाकटा पुटपुटला. "मला काय ठाऊक, हा एवढा घासून धुवेल."

मुलाने खिशातून चावी काढली आणि सुनेपुढे धरली. सुनेने ती घेतली नाही. ती आक्काकडे बघत होती.

"अजून संपलं नाही," आक्का म्हणाली. "चौथ्या दिवशी हिने येऊन विचारलं, मामा, पाणी कमी होतंय. तेव्हा तुला कळलं की पूड निघून गेली. एक शब्द बोलायचा होता, गाडी चालवू नकोस. तेवढा बोलला असतास तर तुझी लबाडी उघडी पडली असती. म्हणून म्हणालास, चालव बिनधास्त."

धाकट्याचे डोळे भरून आले. आक्का, चूक झाली, तो म्हणाला, आणि लहानपणी करायचा तसा तिच्या हाताशी आला.

आक्काने हात मागे घेतला.

"खोटी गाडी गळ्यात मारलीस, ते मी गिळलं असतं. तुझं काय काय मी आजवर गिळलं, तुला ठाऊक आहे. पण मागच्या सीटवर पोर बसते हे तू रोज बघत होतास. आठ दिवस बघत होतास. आणि ती वाचली तेव्हा तिच्या आईलाच खोटं पाडलंस. मी भाऊ वाढवला असं मला वाटत होतं. माझं चुकलं. आता या सुनेची माफी माग आणि चालता हो. माझी मागू नकोस, ती तुला मिळायची नाही."