तोरसकर अंक

मिरजेच्या मज्जाविज्ञान प्रयोगशाळेत भिंतीएवढ्या पडद्यावर शाल्मली तोरसकर स्वतःचा पराभव पाहत होती. सामना ट्युनिशियातल्या एका लहानशा स्पर्धेतला, पहिल्या फेरीचा. शेवटच्या सेटमध्ये ती पाच-दोन अशी पुढे होती. पडद्याच्या तळाशी एक हिरवी रेघ थरथरत होती. डोक्याच्या पट्टीत बसवलेल्या संवेदकांनी टिपलेला तो तिच्या मेंदूचा आलेख होता.

"इथे बघा," डॉ. हमीद मुजावर यांनी चित्र थांबवलं. "डबल फॉल्ट झाला. रेघ उसळली. मेंदू सतत अंदाज बांधत असतो, आणि अंदाज चुकला की हा संकेत उठतो. आम्ही त्याला अपेक्षाभंग-संकेत म्हणतो. तो सगळ्यांच्याच मेंदूत उठतो, पण इतरांचा लगेच विझतो. तुमचा पुढच्या सर्व्हिसपर्यंत तसाच राहतो आणि मनगट आखडतं."

"म्हणजे घाबरून हरते," शेजारी बसलेले धुरी सर म्हणाले. कुडाळच्या सिमेंटच्या कोर्टवर शाल्मली नऊ वर्षांची असल्यापासून त्यांनी कडेच्या बाकावर बसून तिला शिकवलं होतं.

"घाबरून नाही. मागच्या चुकीचा धक्का अंगात असतानाच पुढचा चेंडू मारते, म्हणून."

शाल्मली चोवीस वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत चारशेच्या पलीकडे कुठेतरी होती. त्या पलीकडच्या जगात प्रेक्षक नसतात. खेळाडू आपले कपडे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतात आणि रॅकेटच्या तारा स्वतः ओढतात. मंगळवारी हरलं तरी परतीचं विमान रविवारचं असतं, म्हणून उरलेला आठवडा जिने हरवलं तिलाच सरावाला चेंडू मारून द्यावे लागतात. शाल्मली असे आठवडे सहा वर्षं काढत होती. हरल्यावर ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि बाहेर आल्यावर सरांना फोन करून सामन्यातला एकेक गुण सांगायची.

मुजावरांनी शमक दाखवला. मुगाच्या दाण्याएवढा, कानामागच्या हाडात बसवायचा. तो अपेक्षाभंग-संकेत दाबून टाकत असे. खेळाच्या नियमांत त्याला बंदी नव्हती, कारण तो रक्तात कुठलंही औषध सोडत नव्हता.

"फक्त सामन्यापुरता चालू ठेवता येईल?" सरांनी विचारलं.

"नाही. बंद केल्यावर परिणाम उतरायला काही आठवडे लागतात. दर आठवड्याला स्पर्धा असेल तर तो कायमच चालू ठेवावा लागेल."

शाल्मलीने विचारलं, "कधी बसवायचा?"

शमक बसवल्यावर ती जिंकू लागली. पाच-दोनचा सहा-दोन होऊ लागला. वर्षभरात ती अडीचशेच्या आत आली, आणि तिथेच थांबली. थायलंडमधल्या लोपबुरीच्या एका सामन्यात समोरच्या मुलीने तिला पुन्हा पुन्हा उंच उडणारा चेंडू बॅकहँडला दिला आणि शाल्मलीने तो प्रत्येक वेळी जाळ्यात मारला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीने तेच केलं. शाल्मलीनेही तेच केलं.

सर तिला घेऊन मिरजेला आले. "डॉक्टर, ही चुकीतून काही शिकतच नाही. सांगितलेलं ऐकते, मान डोलावते आणि कोर्टवर पुन्हा जुनंच खेळते."

मुजावर बराच वेळ आलेख पाहत राहिले. "सर, आपण चुकलो हे मेंदूला कळतं ते याच संकेतातून. तो धक्का हाच मास्तर आहे. आपण धक्का काढला, त्याबरोबर मास्तरही गेला. जिथे शमक बसवला, तिथेच ही थांबली."

"मग काढा तो."

"त्यांनी म्हणायला हवं."

दोघांनी शाल्मलीकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेरचा निलगिरी पाहत होती. "त्रास काहीच नाही मला," ती म्हणाली. "असू दे."

त्या मोसमानंतर धुरी सर कुडाळला परतले. स्टॅंडवर गाडी सुटेपर्यंत ते खिडकीपाशी काहीतरी बोलत राहिले. शाल्मलीने हात हलवला. मग ती खोलीवर गेली आणि रॅकेटला नवी तार ओढायला बसली.

निवेदिता हेर्लेकर तिला भेटली ती त्यानंतर. ती मापनशास्त्राची संशोधक होती आणि एका प्रादेशिक टेनिस मंडळासाठी काम करत होती.

"क्रमवारी म्हणजे रांग," निवेदिता म्हणाली. "कोण कुणाच्या पुढे ते कळतं. पण अख्खी रांग पुढे सरकली की मागे, ते कळत नाही. रॅकेट बदलतात, चेंडू बदलतात, कोर्ट बदलतात, त्यामुळे वेगाचे जुने-नवे आकडे एकमेकांना लावता येत नाहीत. आम्हाला एक न बदलणारी खेळाडू हवी आहे. तुमचे तीन मोसमांचे सामने मी तपासले. कुठला चेंडू आला की कुठला फटका, यात तसूभर फरक नाही."

"मग मी काय करायचं?"

"खेळायचं. मंडळाची प्रत्येक मुलगी वर्षातून एकदा तुमच्याशी खेळेल. तिने तुम्हाला किती सहज हरवलं, त्यावरून तिचा अंक ठरेल."

"बरं," शाल्मली म्हणाली.

त्याला तोरसकर अंक असं नाव पडलं. ज्या शाल्मलीला स्पर्धांमध्ये कुणी ओळखलं नसतं, तिचं नाव आता प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी आलं. मुली तिच्याशी खेळायला येताना देवाला हात जोडून येत. जिंकल्या तर उड्या मारत, हरल्या तर टॉवेलमध्ये तोंड खुपसत. शाल्मली जाळ्यापाशी येऊन दोघींशीही सारखंच हस्तांदोलन करत असे. संध्याकाळी पोहे खाऊन ती झोपत असे. धुरी सर गेल्याचा फोन आला, तेव्हा ती एका मुलीच्या सामन्यासाठी बूट बांधत होती. "बरं," ती म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

वर्षामागून वर्षं मुलींचे अंक वाढत गेले. मंडळाने सत्कार केले. एवढी गुणी पिढी यापूर्वी झाली नव्हती, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. नवी मैदानं बांधली गेली. पण त्या पिढीतल्या सगळ्यात मोठ्या अंकाच्या मुली परदेशी गेल्या आणि पहिल्याच फेरीत हरून परत आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं.

निवेदिताने सगळी गणितं पुन्हा मांडली. चूक सापडेना. शेवटी ती शाल्मलीला घेऊन मुजावरांकडे गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, मोजपट्टी तपासायची राहिली आहे."

शाल्मलीच्या गुडघ्यांची प्रतिमा पडद्यावर आली. दोन हाडांमध्ये जिथे कूर्चेची गादी असायला हवी, तिथे हाडाला हाड भिडलं होतं.

"फटक्यांची निवड बदलली नाही एवढंच मी पाहत होते," निवेदिता हळूच म्हणाली. "चेंडूपर्यंत पोचायला ह्यांना किती वेळ लागतो, ते कुणीच मोजलं नाही. मोजपट्टी झिजत गेली, आणि आम्ही म्हणत राहिलो, मुली उंच होताहेत."

मुजावरांचा आवाज चढला. "शाल्मली, दुखलं नाही तुम्हाला?"

"दुखतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

तिने विचार केला. "दुखलं की वाटायचं, आहे हे असं. चेंडू जरा लवकर यायचा. वाटायचं, मुली जोरात मारतात."

मग मुजावर म्हणाले, "हा शमक आता बंद करू. मानक म्हणून तुमचा उपयोग संपला, तेव्हा तो ठेवायचं कारणही उरलं नाही. चालेल?"

"चालेल," शाल्मली म्हणाली. तिला तेही चालणार होतं.

शमकाचा परिणाम उतरू लागल्यावर मुजावरांनी तिला प्रयोगशाळेमागच्या कोर्टवर आणलं. निवेदिताला टेनिस फारसं येत नव्हतं. तिने पलीकडून एक साधा चेंडू फोरहँडच्या बाजूला टाकला.

शाल्मली धावली. पहिली दोन पावलं तिने टाकली ती चोवीस वर्षांच्या मुलीची होती. तिच्या मेंदूला पाय अजून तेवढेच चपळ वाटत होते. मधल्या वर्षांत त्याचा एकही अंदाज खोटा ठरला नव्हता, कारण खोटा ठरल्याचं त्याला कळवणारं काही शिल्लकच नव्हतं. तिसरं पाऊल पोचलं नाही. गुडघा वाकला, चेंडू तिला ओलांडून गेला आणि ती हातांवर पडली.

तिचं तोंड उघडंच राहिलं. चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होतं. मुजावरांनी ते तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते धावत आले. पण ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. खरचटलेल्या तळहातांवर भार देऊन ती मागे वळली होती आणि कोर्टच्या कडेच्या बाकाकडे बघत होती. बाक रिकामा होता.

"सर कुठे गेले?" तिने विचारलं.

निवेदिता जाळ्यापाशीच थबकली. मुजावर शाल्मलीजवळ गुडघ्यांवर बसले. "शाल्मली, धुरी सर वारले. चार वर्षं झाली. तुम्हाला फोन आला होता."

"हो. आला होता." ती बाकाकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. "मला बूट बांधायचे होते," ती म्हणाली. "डॉक्टर, मला आज कळतंय."