परतीची पावलं

पहिले पाहुणे सोळा जूनला यायचे होते आणि त्याआधी जंगलातली पायवाट नक्की व्हायला हवी होती. एस्नार्टने सहा वर्षं सफारी कॅम्पवर पाहुण्यांना जेवण वाढलं होतं. यंदा ती वाटाड्याची परीक्षा पास झाली आणि मोसमातली पहिली पायी सफर तिच्या वाट्याला आली. पुढे बंदूकवाला रक्षक, त्याच्यामागे ती, मग सहा पाहुणे, शेवटी चहाची पेटी वाहणारा. एकूण नऊ माणसं.

रक्षक काविंगा तिच्या वडिलांच्या वयाचा. सगळे त्याला बाम्बो, म्हणजे बाबाच म्हणत. वाट पाहायला दोघं सकाळीच होडीने लुआंग्वा नदी ओलांडून पलीकडे उतरले. परीक्षेतला हत्ती कागदावरचा असतो, अंगावर येत नाही, असं म्हणून त्याने तिला चिडवलं.

एस्नार्टने वाट मनात आखली होती. मैदानातून जुन्या चिंचेपर्यंत, तिथे चहा, मग आबनुसाच्या राईतून तळ्याच्या काठाने परत. अजून कुणाला सांगितली नव्हती.

मैदानात पावलं लागली.

एप्रिलपर्यंत तिथे कमरेइतकं पाणी असतं. ते ओसरल्यावर राहिलेला चिखल आता विटेसारखा वाळला होता. ठसे त्या ओल्या चिखलात उमटलेले होते, आणि तेव्हा तर नदी ओलांडायची कुणाची छाती नव्हती. माणसं रांगेने गेली होती. तिने मोजली. नऊ.

चोरटे शिकारी असतील, ती म्हणाली. चोर चहाला थांबत नाहीत, असं म्हणून काविंगाने चिंचेखाली बोट दाखवलं. चिखलात पेटीचा चौकोन होता. भोवती माणसं उभी राहिल्याच्या खुणा.

रांगेतल्या पहिल्या पावलांशेजारी जागोजागी बंदुकीचा दस्ता टेकल्याच्या खुणा होत्या. थांबलं की दस्ता टेकायची सवय काविंगाची. दुसरी पावलं लहान होती. एस्नार्टने पाय उचलला.

"नको ठेवूस," काविंगा म्हणाला.

तिने ठेवला. टाच, चवडा, तळव्याची नक्षी, सगळं तंतोतंत बसलं. ते बूट तिने गेल्याच आठवड्यात चिपाटाच्या बाजारात घेतले होते.

राईत पाचोळा होता, तिथे काही दिसेना. पलीकडे तळ्याच्या काठाला तीच रांग परतीला लागलेली. तिने मोजलं. पुन्हा मोजलं.

आठ.

लहान पावलं नव्हती. दस्त्याच्या खुणा मात्र दर दहा पावलांवर होत्या, आणि तिथे तिथे बुटांचे चवडे मागे वळलेले. पुढे चालणारा पुन्हा पुन्हा थांबून राईकडे बघत गेला होता.

काविंगा मटकन खाली बसला. जंगलात त्याला बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर तिने सफरीला जाणार नाही म्हणून सांगितलं. मॅनेजर चिसेंगा आधी हसला, मग भडकला. या कामासाठी लोक रांगा लावतात, तुला ताटंच उचलायची असतील तर खुशाल उचल, म्हणाला. पलीकडची वाट यंदा बंद, एवढंच काविंगा बोलला. सफर नदीच्या अलीकडून, वरच्या अंगाला न्यायचं ठरलं. एस्नार्टच्या जागी दुसरा वाटाड्या, मुसोले गेला.

सतरा तारखेला दहाच्या सुमाराला माणसं परतली. एस्नार्ट सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. काविंगा, मुसोले, सहा पाहुणे, पेटीवाला. नऊ. तिच्या छातीवरचा दगड उतरला. गेलेल्या कामाचंही तिला त्या क्षणी काही वाटलं नाही.

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईने ग्लास उचलला आणि मायेने तिच्या दंडावर हात ठेवला.

"येताना सगळी वाट आमच्या मागेमागे चाललीस. हाका मारल्या, तर बघायलाही तयार नाहीस. बरं नव्हतं का गं?"

एस्नार्टने ट्रे खाली ठेवला. तिने काविंगाकडे पाहिलं. त्याने अजून बंदूक खांद्यावरून उतरवली नव्हती.

"बाम्बो, तुम्हालाही दिसली?"

त्याने मान डोलावली.

"थांबली कुठे?"

काविंगाने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याची नजर हळूच तिच्या खांद्यावरून मागे गेली.

"थांबली नाही," तो म्हणाला.