उजवीकडचा खिसा

त्या रविवारी दुपारी बाबा खिडकीपाशी बसून भिंगातून एक फोटो पाहत होते, आणि मी टेबलावर एका कादंबरीची प्रुफं तपासत होते.

"इकडे ये जरा. या गाडीची गोष्ट सांगतो."

"बाबा, पाठ आहे मला ती. आजोबांनी भंगारातून स्वतः जुळवली."

"जुळवली म्हणजे कशी, हे कधी विचारलंस?"

"नंतर ऐकते ना... एवढं प्रकरण संपू दे."

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रुमालाने भिंग पुसून त्यांनी डबीत ठेवलं आणि विचारलं, "चहा टाकू का तुझ्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

फोटोत आजोबा एका जुन्या मोटारीला टेकून उभे आहेत. मोटार अर्धीच आली आहे: एक दिवा, एक चाक, त्यावरचं मडगार्ड, बॉनेट आणि स्टिअरिंगचा वरचा भाग. काकांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, ती गोष्ट कधीच पटली नव्हती. "वडील साधे फिटर. कुणाच्या तरी गाडीला टेकून फोटो काढला असेल. दादा मात्र जन्मभर त्याच गाडीतून फिरला, तेही पेट्रोलशिवाय!" बाबा असताना या विनोदावर बाबाही हसायचे.

बाबा गेल्यावर काकांनी घरच्या जुन्या फोटोंचं पुस्तक छापायला काढलं. प्रुफं अर्थातच माझ्याकडे आली. त्या फोटोखाली ओळ होती, 'वडील, एका अनोळखी मोटारीशेजारी.'

मी ती खोडली.

"पुरावा आण," काका फोनवर म्हणाले. "महिनाअखेर छापायला जातंय पुस्तक. तोवर."

"आणते," मी म्हणाले.

फोटो मोठा करून घ्यायला स्टुडिओत गेले. काउंटरवर प्रिंट पाहत होते, तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला, "काच मूळची नाहीये तुमची."

मी वळले. उंच, सावळा, मनगटावर ग्रीसचा पट्टा, आणि नजर... नजर माझ्याकडे नव्हतीच.

"माझ्याशी बोलताय?"

"नाही... म्हणजे, दिव्याशी." तो गोरामोरा झाला. "सॉरी. सवय आहे."

काउंटरमागचे म्हातारे फोटोवाले हसले. "यांना आम्ही डॉक्टर म्हणतो. इंजिनाला सळई लावतात, सळईला कान लावतात आणि रोग सांगतात. माणसांशी मात्र बोलता येत नाही."

"मग मला यांचीच गरज आहे," मी म्हणाले. "ही गाडी कुठली, ते सांगाल? महिनाअखेरपर्यंत?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अगदी दिव्याकडे पाहिलं होतं तसं, बारकाईने.

जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं त्याचं वर्कशॉप दोन गल्ल्या सोडून होतं. मी ऑफिस सुटल्यावर तिथे जायला लागले. एका बाजूला उघडी इंजिनं, दुसऱ्या बाजूला गाड्यांच्या चित्रांची जाडजूड पुस्तकं. मला बसायला तो दरवेळी एकच स्टूल पुसायचा, आणि दरवेळी जास्तच काळं करायचा. चाकाचे नट मोजायचे, बॉनेटवरच्या फटी मोजायच्या, बॉनेट बंद करायची खिटी कुठल्या बाजूला आहे ते बघायचं... बोलायला लागला की थांबायचा नाही. मग एकदम गप्प व्हायचा.

"कंटाळलात ना? सांगत जा. लोक सांगतात."

"कंटाळले की सांगेन."

"अजून नाही?"

"अजून चाकावरच आहोत आपण. स्टिअरिंगपर्यंत तरी पोचू द्या."

तो हसायचा तेव्हा आधी डोळे हसायचे, मग मिशा. हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं, आणि ते लक्षात यायला लागलंय हेही. घरी जाताना मी स्वतःलाच दटावायचे. गाडी शोधायला जातेस, गाडीच शोध.

महिना संपायला चार दिवस उरले. त्या संध्याकाळी त्याने स्टूल पुसलं नाही.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुम्हाला आवडणार नाही. हे स्टिअरिंग बघा. आपल्याकडच्या गाड्यांना ते या बाजूला नसतं. मी बाहेरच्या देशांतल्या दोनशे गाड्या तपासल्या, एकही जुळत नाही. पण गाडी बाहेरचीच. आजोबा कधी परदेशी...?"

"नाही. कधीच नाही."

"मग हा पाहुण्या गाडीबरोबर काढलेला फोटो असणार... काका म्हणतात तसाच."

मी फोटो पिशवीत टाकला. "खोटं सांगता आलं असतं तुम्हाला. महिनाभर माझ्यासाठी एवढं केलंत, आणखी एवढंच."

"सांगितलं असतं," तो खाली बघत म्हणाला. "पण तुम्ही ते खोडलं असतंत."

खरं होतं. म्हणूनच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी आईने बाबांचं कपाट उघडलं. "हे शर्ट देऊन टाकू. दोन ठेव तुला." मी घड्या घालायला बसले. प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली शाईचा एक ठिपका होता. बाबांची पेनं गळायची आणि ते ती टाकायचे नाहीत. डावीकडे ठिपका, पुन्हा डावीकडे ठिपका... सातव्या शर्टावर माझा हात थांबला.

पिशवीतून फोटो काढला. बाबांचं भिंग काढलं. आजोबांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या उजवीकडे होता.

तो सातवा शर्ट तसाच हातात घेऊन मी निघाले.

"हा घाला," वर्कशॉपमध्ये शिरता शिरता मी म्हणाले.

"आत्ता? इथे?" डॉक्टर गाडीखालून सरपटत बाहेर आला. "काल रागावून गेलात, आज आहेर?"

"वटवट नको. हात धुवा आणि घाला."

त्याने निमूटपणे हात धुतले, बनियनवर शर्ट घातला, बटणं लावली. खांद्यात थोडा सैल होता.

"खिसा कुठे आहे?"

"इथे... डावीकडे."

मी फोटो पुढे केला. "आणि आजोबांचा?"

त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग फळीवरून एका जुन्या गाडीचा गोल आरसा उचलला आणि फोटोसमोर धरला. आम्ही दोघं त्या तळहाताएवढ्या आरशात डोकावलो. खिसा डावीकडे आला होता. स्टिअरिंग आपल्या बाजूला आलं होतं.

"निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय," तो पुटपुटला. "आणि मी महिनाभर... मी गाडीच बघत होतो. माणसाकडे पाहिलंच नाही."

"मी माणसाकडेच बघत होते. मला तरी कुठे दिसलं?"

पण तो आता ऐकत नव्हता. त्याचं बोट आरशावर फिरत होतं. "थांबा... हे बॉनेट माल पोचवणाऱ्या छोट्या व्हॅनचं आहे. खिटी उलट्या बाजूला दिसली म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी बाद केलं होतं. मडगार्ड बसचं, कापून लहान केलंय. चाकाला पाच नट, त्यातले दोन वेगळ्या मापाचे." तो ताठ उभा राहिला. "अहो, ही कुठल्याच कारखान्यातून आलेली नाही. ही कुणीतरी हाताने जुळवलीय!"

मी आरशाचा फोटो काढून काकांना पाठवला, मग फोन लावला आणि एकेक भाग सांगत गेले. बॉनेट, मडगार्ड, नट.

"काका? ओळ काय छापायची?"

"लिही," ते म्हणाले. "'वडील, आणि त्यांनी स्वतः जुळवलेली मोटार.'" मग, "दादाला कळायला हवं होतं गं."

"त्यांना माहीत होतं, काका. आपल्याला नव्हतं."

फोन ठेवला. बाहेर ऊन उतरत होतं, आणि आरसा अजून डॉक्टरच्या हातात होता. तो शर्टाचं वरचं बटण काढायला लागला.

"राहू दे," मी म्हणाले.

"ग्रीस लागेल."

"शाईचा डाग आहेच. त्याला सोबत."

तो हसला. आधी डोळे, मग मिशा. "काम झालं तुमचं. आता या बाजूला कशाला याल..." तो आरशाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "खरी गंमत तर पुढेच आहे. व्हॅनचं बॉनेट दुसऱ्या गाडीवर बसतच नाही. त्यासाठी त्यांनी काय काय केलं असेल, ते... जाऊ दे. दमलात तुम्ही. नंतर सांगेन कधीतरी."

"नंतर नको."

तो दचकला. माझा आवाज मलाही मोठा वाटला.

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. न पुसताच त्याच्यासमोर बसले.

"मी उद्याही येणार आहे. परवाही. गाडीसाठी नाही... तू आवडतोस म्हणून. हेही नंतरवर टाकायचं नाहीये मला."

आरसा त्याने अगदी हळू खाली ठेवला. बाबांच्या शर्टाच्या बाह्या त्याने कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. डावीकडे खिसा, खिशाखाली शाईचा ठिपका. मी त्या ठिपक्याकडे पाहिलं, मग वर, त्याच्या डोळ्यांत.

"जुळवली म्हणजे कशी?" मी विचारलं. "सांग ना. मी ऐकतेय."