भोंग्याने पळवलेला रिले

"उतरा! सगळे खाली उतरा!" प्रणोती ओरडली.

तिच्यापाठोपाठ व्हॅनमधल्या बाकी पाचही पोरांनी धडाधड उड्या टाकल्या. नाताळच्या सुट्टीत भेडाघाटचा धबधबा बघायला जायचं म्हणून मदन महल भागातल्या घरासमोर सकाळीच सगळी गाडीत बसली होती.

"काहून बोंबलून राहिली?" अतुलकाका खेकसले. गाडी आताच गॅरेजातून आली होती. त्यांनी आत हात घालून नवा भोंगा दाबला. पों पों पों! गल्लीतली कुत्री पळाली. "बघ! झकास गाडी आहे!"

"काका, भोंगा राहू द्या. डॅशबोर्डवरचं हे नवं बटण बघा. चटका बसतो! जळका वासही येतोय."

"पोरींनी यंत्रात नाक खुपसू नये."

गाडी पोचवायला आलेला विनय मिस्त्री हसला, "बिटिया, गुड़िया से खेलो!"

प्रणोतीच्या डोक्यात तिडीक गेली. एकेकाळी रेल्वेत वायरमन असलेल्या नीलकंठ आजोबांजवळ बसून तिने घरातली इस्त्रीसुद्धा खोलून जोडली होती. आणि तिला म्हणे गुड़िया!

"आल्हाद, तुझं चॉकलेट दे!"

"माझंच काहून? समिधाचं घे ना!"

तिने हिसकावून दोन तुकडे केले. एक बटणावर ठेवला, दुसरा डॅशबोर्डच्या पार टोकाला. समिधा मोठ्यांदा आकडे मोजू लागली. साठपर्यंत पोचते तो बटणावरचा तुकडा वितळून ओघळला!

"ऊन लागलं असेल," काका म्हणाले.

"मग दुसरा का नाही वितळला? आणि किल्ली कुठे आहे?"

"माझ्या खिशात."

"किल्ली तुमच्या खिशात, मग मागच्या सीटखाली कोण गुणगुणतंय?"

सगळ्यांनी कान टवकारले. घूंऽऽऽ! पेट्रोलचा पंप चालूच होता.

विनयने घाईघाईने बटण बंद केलं. घरघर थांबली. त्याचं हसूही थांबलं.

काठी टेकत नीलकंठ आजोबा आले. त्यांनी फ्यूजपेटीचं झाकण काढलं. "प्रणोती, काय दिसतं?"

"पंपाच्या रिलेची जागा रिकामी! आणि तो रिले भोंग्याला लावलाय!" "आबा, बटणाने फक्त हुकूम द्यायचा, जड काम रिलेने करायचं, असंच ना? इथे पंप थेट बटणाला जोडून सगळा भार या बारीक तारेवर टाकलाय. गाडी कुठे आदळली, इंजिन बंद पडलं, तरी पंप पेट्रोल ओतत राहील. आम्ही सहाजण आत असताना!"

"भैयाजी ने ही कहा था, हॉर्न आज ही चाहिए," विनय काकांकडे बघत पुटपुटला. "दूसरा रिले था नहीं दुकान में."

आजोबांनी काठी आपटली. "भोंग्यासाठी पोरांचा जीव? अतुल, लाज नाही वाटत?"

काकांची मान खाली गेली. आजोबांनी बटणाची तार तोडून तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. प्रणोतीने भोंग्याचा रिले काढून पंपाच्या जागी घट्ट बसवला.

"माझ्याही आधी हिने ओळखलं," आजोबा म्हणाले.

"शाब्बास पोरी!" काका म्हणाले.

"शाब्बास नंतर. नाक खुपसू नये म्हणालात, ते परत घ्या!"

"घेतलं परत. चुकलो." काकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

तिने किल्ली फिरवली. टिक्! घूं... आणि दोन सेकंदांत शांत. इंजिन सुरू नसेल तर पंपाने आपोआप थांबायचं, अस्संच हवं!

"आधी सदर बाजारात जाऊन भोंग्याचा रिले घ्यायचा," आजोबांनी बजावलं, "मग भेडाघाट. आणि गाडी हळू!"

गल्लीच्या तोंडाशी गाय आडवी बसली होती. काकांनी सवयीने भोंगा दाबला. आवाजच नाही! आल्हादने "पों!" अशी पहिली आरोळी ठोकली, मग सगळीच पोरं सुरू झाली. प्रणोतीचा राग अजून पुरता उतरला नव्हता. म्हणून सगळ्यांत मोठं "पोंऽऽऽ" तिचंच होतं.