शेवटच्या पिंपाचा वास

आर्बुआ गावाच्या बाजारात तो माझ्या शेजारी उभा होता. बारीक पाऊस... आणि त्याच्या हातात कोंते चीजचे दोन तुकडे. पिवळ्या वाइनबरोबर यातला कुठला घ्याल, असं त्यानं मला विचारलं. नखांत द्राक्षांचा डाग असलेला माणूस हे विचारतोय, याचं मला हसू आलं.

"मळेवाले असून मला विचारता?"

"स्वयंपाकीण दिसता, म्हणून," तो म्हणाला. माझ्या बाहीला पीठ लागलं होतं.

मी जुना, दाणेदार तुकडा निवडून दिला. त्याचं नाव आन्सेल्म. मी ओनोरीन, गावातल्या खानावळीत स्वयंपाक करायचे. त्यानंतर तो दर शुक्रवारी दुपारी बाटली घेऊन मागच्या दारानं यायला लागला. मी त्याच्या वाइनमध्ये कोंबडी शिजवायचे, वर साय आणि गुच्छी मशरूम. तो खायचा कमी. मला मात्र खोदून खोदून विचारायचा, आजची वाइन कशी लागली? मी सांगायचे – ओल्या अक्रोडासारखी... जरा मेथीसारखी. तो डोळे मिटून ऐकायचा. मला वाटायचं, हा माझ्याशी बोलायला निमित्त शोधतोय. आवडायचंही. लियोंतल्या मोठ्या खानावळीत मला नोकरी मिळालीय, हेही अशाच एका शुक्रवारी त्याला सांगितलं होतं.

एका शुक्रवारी त्याला पातेल्याकडे बघायला सांगून मी अंगणात गेले. परत आले तर खोलीभर करपल्याचा वास, आणि हा पातेल्याशेजारीच निवांत उभा. मी काही विचारायच्या आधीच त्याची मान खाली गेली. मग त्यानं सांगितलं, दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, त्यात वास गेला, चवही गेल्यात जमा. गावात कुणालाच माहीत नव्हतं. नाक गेलेल्या माणसाची वाइन कोण घेणार?

"वडलांनी भरलेलं शेवटचं पिंप आहे," तो म्हणाला. "पिवळ्या वाइनला लागतात ती सव्वासहा वर्षं पुरी झाली. तुम्ही... चाखाल?"

तळघरात त्यानं पिंपाला नळी लावली. सव्वासहा वर्षं कुणी न हलवलेली, खमिराच्या पांढऱ्या सायीखाली मुरलेली वाइन. मी पेला नाकाशी नेला. अक्रोड नव्हता. नुसता आंबूस, झोंबणारा वास. व्हिनेगर.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. छान आहे म्हटलं असतं, तर त्याला कळलं नसतं. निदान त्या दिवशी तरी.

"बिघडलंय," मी म्हटलं. "पूर्ण."

त्यानं पिंपावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "पुढच्या सोमवारी लियोंला जाणार आहेस ना? नव्या नोकरीवर?"

पहिल्यांदाच 'तू'.

"हो."

"नाही गेलीस तर..."

"वास घ्यायला माणूस हवंय, म्हणून म्हणतोस?"

त्यानं वाकून पिंपाची नळी काढली. सोमवारी मी गेले. आगगाडीत सगळी वाट मला वाटत होतं, असं विचारायला नको होतं.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारीच, लियोंच्या त्या मोठ्या स्वयंपाकघराच्या दारात तो उभा. ओला कोट, हात रिकामे.

"बाटली नाही?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "गावात सगळ्यांना सांगून टाकलं. मळेवाल्यांच्या सभेत, उभा राहून. ते पिंपही त्यांच्यासमोर ओतून दिलं. आता शेजारचे फुल्जांसकाका येऊन माझी पिंपं हुंगतात. फुकट, वर शिव्याही देतात." तो हसला. "म्हणजे वास घ्यायला तू लागत नाहीस, ओनोरीन."

"मग आलास कशाला?"

"शुक्रवार आहे," तो म्हणाला. "आणि घरी बसवेना."

आत कुणीतरी मला हाका मारत होतं. मी हात पुसले, त्याचा ओला कोट काढून घेतला आणि चुलीजवळची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.